जागलीची वही

पंपाच्या पट्ट्याला लाल चिंधी मीच बांधली होती. घरात फवारणीचे दोन बॅटरी पंप. दोन्ही सोळा लिटरचे, दोन्ही निळे. एक तणनाशकाचा, एक किडीच्या औषधाचा. अदलाबदल होऊ नये म्हणून बायकोच्या जुन्या साडीचा काठ फाडून तणनाशकाच्या पंपाला बांधला. गाठही माझीच, बैलाच्या कासऱ्याला मारतो तशी. मागच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी तोच पंप किडीच्या औषधानं भरून, पाठीला लावून पराटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, शिरलो. चिंधी सारखी कोपराला लागत होती. एकदा तर मध्ये येते म्हणून मी ती पट्ट्यात खोचून टाकली.

म्हणजे दिसली नाही असं म्हणायची सोय नाही. दिसली, हाताला लागली, तिचा त्रासही झाला. ती तिथं कशासाठी आहे, एवढंच डोक्यात आलं नाही.

आठ दिवस आधी त्याच पंपानं मी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, तरोट्याचं तण मारलं होतं, टू-फोर-डी या तणनाशकानं. पराटीला टू-फोर-डी चालत नाही हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगतं. शेजाऱ्यानं मारलं आणि वारा आपल्या बाजूचा असला तरी कापसाची पानं वळतात. पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये चिकटून राहिलेलं तेवढंसं औषधही पुरतं. साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतलेला पंपसुद्धा जाणता माणूस कापसात नेत नाही. मी तर नुसता रिकामा करून ठेवला होता.

पाचव्या दिवशी शेंडे वाकडे दिसले. आठवड्यानं नवी पानं निघाली ती बोटं फुटल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी चिरलेली. पात्या, म्हणजे कापसाच्या कळ्या, गळायला लागल्या. आणि मी काय केलं? गाडीला किक मारली आणि तालुक्याला कृषी केंद्रावर भांडायला गेलो. औषध डुप्लिकेट आहे, भरपाई द्या, नाहीतर तक्रार करतो. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत.

दुकानदारानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "भाऊ, आंदी बसा. पानी घ्या. मंग सांगा, खराबी कुठून चालू झाली?"

"विहिरीकून."

"अन् फवारा कुठून चालू केला होता?"

"विहिरीकूनच."

"त्या टोकाले कसं हाय?"

त्या टोकाला बरं होतं. मधल्या तासांत, म्हणजे ओळींत, थोडंफार, शेवटच्या सात-आठ तासांत काहीच नाही. तो म्हणाला, "औषध डुप्लिकेट असतं त सारं वावर सारखं गेलं असतं. पंपातच काई असंन त पयल्या तासाले जास्त लागते, मंग कमी कमी होत जाते. पंप कोनता होता?"

मी उत्तर दिलं नाही. चिंधी आठवली, खोचताना बोटांना लागलेला तिचा ओला स्पर्श आठवला. तो माझ्याकडे पाहत होता. मग त्यानं जे विचारलं ते मी अजून विसरलो नाही. "भाऊ, तुमी झोपले कवा होते?"

कधी झोपलो होतो? आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. सहा एकर वावर, कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीचे तास. ऑगस्टमध्ये पावसानं तीन आठवड्यांची उघडीप दिली होती आणि विहिरीला पाणी होतं. शेतीची लाईन, म्हणजे वीज, आलटून पालटून येते, काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास. तो आठवडा रातच्या लाईनचा. दहाला मोटर सुरू, एकला स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात, चारला पुन्हा, सातला पुन्हा. चिखलात पोटरीपर्यंत पाय, खांद्यावर पाईप, तोंडात बॅटरी. मधल्या वेळात मचाणावर आडवं व्हायचं ते कान उघडे ठेवून, कारण खालच्या बाजूच्या सोयाबीनमध्ये रानडुकरांचा कळप रोज येत होता. पिकाची ही रातची राखण म्हणजेच जागली. जमिनीवर टेकायची तर सोयच नाही. मण्यार रात्रीच फिरते आणि खाली निजलेल्यालाच चावते.

अशा चार रात्री. सगळ्या मिळून झोप दहा-अकरा तास. पाचव्या पहाटे पाच वाजताच लाईन गेली, कुठंतरी फॉल्ट झाला. तेव्हा घरी येऊन आडवा पडलो असतो तर दीड एकरातली पराटी वाचली असती. मला वाटलं, आयती दोन तासांची सवड मिळाली, फवारा आटोपून टाकू.

गंमत म्हणजे आदल्या संध्याकाळी कँटीनवर मी हेच फुशारकीनं सांगत होतो. चार रात्री अंथरुणाला पाठ लागली नाही म्हणून. आमच्याकडे जागरण हे कर्तृत्वच. उशिरापर्यंत झोपलेल्याला गाव आळशी ठरवतं आणि डोळे लाल असलेल्या माणसाला चहा पाजतं. मीही तो चहा प्यायलो होतो.

कापूस विकणाऱ्या माणसाला एक गोष्ट दरवर्षी नव्यानं कळते. छोट्या हत्तीत, म्हणजे मालवाहू टेम्पोत, कापूस भरला, ताडपत्री बांधली, की मी नजरेनं सांगतो, बारा क्विंटल. काट्यावर दहा चाळीस भरतो. पुढच्या वर्षी पुन्हा बारा म्हणतो, पुन्हा दहा-साडेदहा. आपला माल आपल्याला जास्तच दिसतो. म्हणून तर काटा असतो. आता झोपेचं पाहा. झोप पुरली की नाही हे ठरवायचं त्याच डोक्यानं, जे झोपेवाचून उपाशी आहे. माल आपला, नजर आपली, काटा कुठंच नाही.

हे माझ्या मनचं नाही. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांचे गट केले, कुणाला रात्री चारच तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला आठ, असं सलग १४ दिवस. रोज लक्ष किती ठिकाणावर आहे याची चाचणी. सहा तासवाल्यांची चाचणी दिवसेंदिवस खालावत गेली, आणि दोन आठवड्यांनी त्यांची गत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट लागली. झोप किती येतेय असं विचारलं की हीच माणसं पहिले काही दिवस जास्त येते म्हणाली आणि पुढं त्यांचा आकडा फारसा हललाच नाही. काम बिघडत चाललं होतं आणि यांना वाटत होतं की सवय झाली.

सवय झाली. हा शब्द मी स्वतःबद्दल किती वेळा वापरला असेन! "मले सवय हाय जागलीची." बाप वापरायचा, काका वापरायचा, मीही वापरायला लागलो.

त्याच्याही आधी, १९९७ साली, ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि दारू एकाच तराजूत तोलली. सलग १७ तास जागलेला माणूस चाचणीत तेवढाच चुकला, जेवढा १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेला माणूस चुकतो. पूर्ण २४ तास जागा असेल तर दुप्पट. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. मी सकाळी पाचला उठतो. पाच आणि सतरा म्हणजे रात्रीचे दहा. म्हणजे ज्या वेळी लाईन येते आणि मी गाडी काढून पांदणीनं वावराकडे निघतो, त्या वेळी एक थेंब न पिता मी पिणाऱ्याच्या रांगेत बसलेला असतो. गावात कुणी पिऊन पंप पाठीला लावला तर आम्ही त्याला शिव्या देतो. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हापासून मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा यावर पुष्कळ बोललं जातं. फवारणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, रात्री झोपला होतास का?

दुकानदाराकडून परत आलो त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग गावाले कवा सांगता?" मी आठ दिवस कँटीनवर त्या माणसाच्या नावानं बोंबललो होतो. दोघांनी त्याच्याकडून औषध घेणं बंदही केलं होतं. माझा विचार होता की हळूहळू विसरतील लोक. ती म्हणाली, "तुमी बोंबलले तवा हळूहळू बोंबलले का?"

दुसऱ्या दिवशी कँटीनवर गेलो आणि सांगितलं. चूक माझी, पंप माझा, चिंधी माझी. लोक हसले. एक जण म्हणाला, "चिंधी पाहूनबी?" मी म्हणालो, पाहूनबी. सोपं नव्हतं, पण त्यातून काही मोठा उजेड पडला असंही नाही. घरी आलो आणि जेवलो. एवढंच की त्या रात्री झोप पटकन लागली.

वही मुलीची. ती तेव्हा सातवीत होती, मागच्या वर्षीच्या गणिताच्या वहीत तीसेक पानं कोरी होती. माझी कल्पना साधी होती. कधी झोपलो, कधी उठलो, रोज लिहायचं. महिनाभरानं काटा होईल. तिनं पट्टी घेऊन दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'बाबांनी सांगितलं' आणि दुसऱ्यावर 'मी पाहिलं'.

"दुसरा कायले?" मी विचारलं.

"तुमी सांगान ते खरंच असंन कायवरून?"

पहिल्याच आठवड्यात तिचं बरोबर निघालं. मी सकाळी सांगायचो, दहाला झोपलो. तिच्या रकान्यात ११:४०, आणि कंसात 'मोबाईल'. मी खोटं बोलत नव्हतो हो. दहाला बाजेवर आडवा झालो, हे खरंच होतं. कापसाचे भाव पाहायचे म्हणून फोन हातात घेतला, मग हवामान, मग कुणीतरी पाठवलेला बिबट्याचा व्हिडिओ, मग त्या बिबट्याखालच्या कॉमेंटा. यात गेलेला वेळ माझ्या हिशोबात कुठंच नव्हता. माझ्या अंदाजानं मी साडेसहा तास झोपत होतो. तिच्या रकान्याची बेरीज करून भागाकार केला तर आले चार तास पन्नास मिनिटं. बारा क्विंटल आणि दहा चाळीस.

महिना भरल्यावर पानं उलटून पाहिली तेव्हा खरा धक्का बसला. मी सगळा दोष रातच्या लाईनला देत होतो. लाईनच्या आणि जागलीच्या रात्री मोजल्या, अकरा भरल्या. उरलेल्या एकोणीस रात्री मी घरी, माझ्या बाजेवर, डोक्यावर पंखा, आणि त्यातल्या तेरा रात्री साडेपाच तासांच्या पुढं गेलो नव्हतो. त्या रात्री डुकरांनी खाल्ल्या नव्हत्या.

म्हणून लाईनचा दोष पुसला जातो असं मात्र मला कुणी सांगू नये. झोपेवर मोबाईलवर जे लेख येतात ते ज्यांच्या घरात झोपायची वेगळी खोली आहे त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. खोली थंड ठेवा, पडदे ओढा, कोमट पाण्यानं अंघोळ करा. ज्याची मोटर रात्री दहाला सुरू होते त्यानं कुठला पडदा ओढावा? कृषिपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. शेजारच्या फीडरवर दिवसाची लाईन सुरू झाली, तिथला माझा साळा आता रात्री घरी असतो. त्याच्या चेहऱ्यात जो फरक पडला तो कुठल्याही लेखानं पडला नसता. आमच्या फीडरची वाट पाहतो आहे.

तोवर जे हातात होतं त्यात सगळ्यात वाईट निघाला खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून बांधलेला. जागलीवर डोळा लागू नये म्हणून मी रात्रीतून तीन पुड्या संपवायचो आणि मग ज्या रात्री घरी असायचो त्या रात्रीही हात खिशाकडे जायचा. मुलगी वहीत पुडीमागे एक ठिपका द्यायची. आठनंतर दोन ठिपके असले की झोपेची वेळ तासभर पुढं गेलेलीच. तंबाखूतलं निकोटिन उत्तेजक असतं हे मला ऐकून माहीत होतं, पण ठिपके पाहून पटलं. चहाचंही तसंच. दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि त्यानं झोप चढते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, आणि पाचएक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. संध्याकाळी सातचा गुळाचा काळा चहा बाराला निम्मा शिल्लक. चहा मी पाचनंतर बंद केला. खर्रा पूर्ण सुटला असं लिहिलं तर मुलगी हा लेख वाचून खाली टीप टाकेल. दिवसाला दोन आहेत. दोन्ही दुपारच्या आत.

दिवाळीच्या सुमारास तिनं कुणाला न विचारता तिसरा रकाना पाडला. 'आई'.

त्यात 'सांगितलं' नव्हतं, नुसतं 'पाहिलं'. पंधरा दिवसांचं पान माझ्यापुढं ठेवलं. झोपायची वेळ ११, ११:२०, १०:५०, ११:१५. उठायची वेळ ४:३०, ४:३०, ४:४०, ४:३०. वेचणीचा हंगाम. ती साडेचारला उठते, पाणी, सडा, म्हशीचं दूध, सगळ्यांचे डबे, आणि आठला कंबरेला ओटी बांधून वावरात. संध्याकाळी परत चूल. एकही रात्र जागलीला गेली नव्हती आणि झोप जेमतेम साडेपाच तास. वर जागलीवरून मी सकाळी आलो की घर चिडीचूप व्हायचं, पोरांना दटावलं जायचं, बाबा रात्रभर जागले आहेत. तिच्यासाठी अशी शांतता या घरात कधी झाली? मला आठवेना. तिला विचारलं तर म्हणाली, "बायकांची झोप कोनी मोजत असते का जी?"

कापसाच्या एका एकराला किती बोंडं, किती पात्या, किती फवारे, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. शेजारी निजणारं माणूस किती झोपतं हे पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. आता पहाटेचं दूध आणि पाणी माझ्याकडे आहे. म्हैस पहिले चार दिवस मला उभी राहू देत नव्हती. बायको साडेपाचला उठते. तेवढा एक तास. तिनं त्यावर काही म्हटलं नाही, पण दुपारी जे डोकं दुखायचं आणि ती कपाळाला फडकं बांधून वेचत राहायची, ते फडकं मला हल्ली दिसत नाही.

जागलीचं काय केलं ते सांगायचं राहिलं.

बाबांच्या वेळी जागलीवर हाळी द्यायची रीत होती. मी लहानपणी त्यांच्यासोबत मचाणावर झोपलो आहे. दर घटकेला बाबा तोंडाभोवती हात धरून होऽऽऽ करायचे, आणि नाल्यापलीकडच्या वावरातून काकाजीचं होऽऽऽ यायचं. त्यापलीकडून आणखी कुणाचं. डुकरांसाठी होतीच ती, पण एकमेकांसाठीही होती. उत्तर आलं म्हणजे पलीकडचा जागा आहे, धड आहे. एका रात्री काकाजीची हाळी आली नाही. बाबा दोनदा ओरडले, मग कंदील घेऊन नाला उतरून गेले. बऱ्याच वेळानं परत आले आणि काही न बोलता मचाणावर बसले. काकाजी गाढ झोपला होता. बाबांनी उठवलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी आमच्या वावरात एकदा आणि मग नाल्याकडे तोंड करून काकाजीच्या वावरासाठी एकदा, अशी दुहेरी हाळी पहाटेपर्यंत दिली. सकाळी मात्र अख्ख्या गावापुढं त्याची खेचली.

मोबाईल आले तशी हाळी गेली. प्रत्येक जण आपापल्या मचाणावर, आपापल्या स्क्रीनच्या उजेडात. चार वावरं लागून, चार माणसं जागी, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. सप्टेंबरात मी काकाजीच्या पोराला म्हटलं, आपण चौघं पाळी लावू. एकानं चारही वावरं पाहायची, तिघांनी झोपायचं. तो म्हणाला, "माह्या वावरातलं डुक्कर तू हाकलशील?" प्रश्न रास्त होता. चौघांत जुने वाद आहेत, एका धुऱ्याचा तर तहसीलपर्यंत गेलेला. म्हणून वही आली, दुसरी, माझ्या मुलीच्या वहीवरून सुचलेली. ज्याची पाळी त्यानं लिहायचं, किती वाजता कुणाच्या वावरात गेलो, काय दिसलं, कुणाचे पाईप हलवले. सकाळी वही पुढच्याच्या घरी पोचवायची. कळप कुठून शिरतो हे महिन्याभरात वहीतूनच कळलं आणि तिथं चौघांनी मिळून झटका मशीनची तार ओढली.

यातला अवघड नियम एकच होता. पाळी करून आलेल्याला सकाळी अकरापर्यंत कुणी हाक मारायची नाही. फोन नाही, मजूर आले नाहीत म्हणून नाही, पाहुणे आले म्हणून नाही. पहिल्या महिन्यात चौघांनीही तो मोडला, मीसुद्धा. साडेआठला जाग आली आणि लाज वाटून उठलो. गल्लीतून लोक जाताना दिसतात, काय म्हणतील. मग काकाजी, आता सत्तरीचा, स्वतः येऊन आमच्या ओट्यावर बसला. कुणी विचारलं की सांगायचा, "पोरगं झोपून हाय. रात्री चार वावरं राखली त्यानं." बाबांची ती दुहेरी हाळी त्याच्या लक्षात आहे की नाही हे मी त्याला विचारलं नाही.

माझ्या पाळीच्या रात्री धुऱ्यानं फिरताना तरोट्याकडे लक्ष जातं. टू-फोर-डीतून वाचलेला पुन्हा उगवला आहे. दिवस बुडाला की पानं जोडून मिटून घेतो, पहाटे उघडतो. बॅटरीचा झोत मारला तरी मिटलेलाच. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं पान मिटणारं झाड अंधारात कोंडून ठेवलं होतं, तर उजेड नसतानाही त्याची पानं वेळेवर उघडली आणि वेळेवर मिटली. घड्याळ झाडाच्या आतच होतं. माशीत आणि माणसातही तसंच घड्याळ पेशीपेशीत चालतं, आणि ते कसं चालतं हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. मी झोपायची वेळ पाळू शकत नाही, पण पाळीची सकाळ सोडली तर उठायची वेळ एकच ठेवतो. आठ-दहा दिवसांत रात्रीची वेळ आपोआप तिच्या मागं आली. तरोट्याला हे वही न करता जमतं.

मे महिन्याचं मी काही सांगत नाही. पारा पंचेचाळीसवर, स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला, कूलरला पाणी नाही. झोप लागायला अंग आतून थोडं थंड व्हावं लागतं, आणि आमचं अंग थंड होईस्तोवर कोंबडा आरवतो. मेची पानं वहीत आहेत, त्यांची बेरीज मी केली नाही.

आणखी एक, कारण आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं हे सगळ्यांना माहीत आहे. जागलीमुळे झोप न मिळणं वेगळं आणि झोपायला वेळ असून पहाटे तीनला डोळे उघडून कर्जाचे आकडे मोजत राहणं वेगळं. वही आणि पाळी पहिल्यासाठी आहे. दुसरं आठवडेच्या आठवडे चाललं तर ते दुखणं आहे, आणि दुखण्याला डॉक्टर लागतो. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. आमच्या चौघांतल्या एकानं जानेवारीत तो लावला. त्यानं ते जागलीच्या वहीत लिहिलं होतं, वेळेसकट, रात्री १:१५, आणि सकाळी वही माझ्या घरी आली. मी अकरापर्यंत थांबलो आणि मग त्याच्याकडे गेलो.

पराटीचं म्हणाल तर दीड एकरात फटका बसला, विहिरीजवळच्या तासांत जवळजवळ काहीच निघालं नाही. मधल्या पट्ट्यानं उशिरा का होईना फुटवा काढला. कापूस विकून दुकानदाराची उधारी द्यायला गेलो तेव्हा नवा पंप घेतला, पिवळा. तो म्हणाला, "चिंधी बांधून देऊ का?" गिऱ्हाइकं होती दुकानात. सगळे हसले, मीही.

मुलगी आता आठवीत गेली. वही अजून चालू आहे, पण ती पूर्वीसारखी राखण करत नाही, अभ्यास वाढला. परवा पानं चाळताना एक रात्र दिसली. त्या दिवशी भाव पाहता पाहता माझा वेळ गेला होता. 'बाबांनी सांगितलं' या रकान्यात माझ्याच अक्षरात ११:५० आहे. 'मी पाहिलं' रिकामा आहे. ती माझ्या आधीच झोपली होती.